विज्ञान, विकास आणि नदीच्या खालच्या अंगाचा शेजारी

२०२३ सालच्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळवाहिनीने कोल्हापूर शहरात पोहोचले. या पाण्यासाठी कोल्हापूरकरांनी कित्येक दशके मोर्चे काढले, धरणे धरली, निवडणुकांमागून निवडणुकांत आश्वासने ऐकली. दूधगंगेवरील धरणापासून पन्नास किलोमीटरांहून अधिक अंतर कापून आलेले ते पाणी पाहताना शहराला झालेला आनंद स्वाभाविक होता. पंचगंगा-भोगावतीच्या काठावरील बालिंगा व शिंगणापूर येथील उपसा केंद्रे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेली होती. शहराभोवती सर्वत्र पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी विपरीत अवस्था नागरिकांनी अनुभवली होती. नदीच्या प्रदूषणाची धास्ती तर बारमाही होती. अशा वेळी अभियांत्रिकीने दिलेले हे उत्तर मोलाचेच म्हणावे लागेल. पुढे गळती आणि विजेच्या तक्रारींनी या योजनेचा पुरवठा वेळोवेळी खंडित झाला, तरी तिची उपयुक्तता त्यामुळे कमी होत नाही.

तथापि, या यशातून एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो तांत्रिक नाही. शहराने स्वच्छ पाण्यासाठी दूरच्या धरणाचा आश्रय घेतला. परंतु त्याच शहराचे सांडपाणी मात्र पूर्वीप्रमाणेच पंचगंगेकडे वाहते. त्या नदीच्या खालच्या अंगाला जी गावे आहेत त्यांनी कोणाकडे पाहावे? आपल्या घोटाची काळजी मिटल्यावर शेजाऱ्याच्या घोटाची काळजी कोणी करावी? शाश्वत विकासासाठी विज्ञानाला नीतीची जोड हवी, असे आपण सभा-संमेलनांत वारंवार ऐकतो. त्या वाक्याचा नेमका अर्थ समजून घ्यायचा असेल, तर पंचगंगेच्या काठासारखी दुसरी शाळा नाही.

पेठेतील पाण्याची स्मृती

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेपासून सुरुवात करू. तालीम मंडळे, फुटबॉल आणि सार्वजनिक चळवळी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेच्या मध्यभागी गांधी मैदान आहे. जुने लोक सांगतात की येथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. नावात वरुण, पण आज तेथे तळे नाही. पावसाळ्यात मात्र मैदानात पाणी साठते आणि जमिनीचा मूळ स्वभाव प्रकट होतो. एकेकाळी कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजीमंडई आहे. शहर वाढले, वस्तीसाठी जागा हवी झाली, तळी बुजली. ज्यांनी ती बुजवली त्यांच्या मनात वाईट हेतू होता असे कोणी म्हणणार नाही. त्या काळच्या विकासाच्या कल्पनेत तळे ही मोकळी पडलेली जागा होती, एवढेच.

पेठेच्या पश्चिमेला रंकाळा उभा आहे. कोल्हापूरकरांचे हे आवडते फिरण्याचे ठिकाण गेल्या काही दशकांत जलपर्णीने आणि हिरव्या शेवाळाने अनेकदा झाकोळून गेले. असे का घडते, हे शाळेतल्या विद्यार्थ्यालाही समजेल. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद तलावात येते. शेतातील पिकाला जे खत, तेच पाण्यातील शेवाळाला. शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजण्याच्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो आणि मासे तडफडून मरतात. रंकाळ्यासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून निधीही आला. यंत्रे आली, जलपर्णी काढली गेली. परंतु तलावाला मिळणाऱ्या नाल्यांचा बंदोबस्त जोवर पुरता होत नाही, तोवर जलपर्णी काढणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे. येथे ज्ञानाची उणीव नव्हती. रोगाचे निदानही होते आणि औषधही ठाऊक होते.

पंचगंगेचा प्रवास

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखली येथे तिचा संगम मानला जातो. तेथून ती कोल्हापूर शहराला वळसा घालते, इचलकरंजीजवळून शिरोळ तालुक्यात उतरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. जेमतेम ऐंशी किलोमीटरांचा हा प्रवास. परंतु या अल्प अंतरात तिच्या पात्रात काय काय मिसळते याची यादी मोठी आहे: कोल्हापूर शहराचे जयंती आणि दुधाळी नाल्यांतून येणारे सांडपाणी, काठावरील गावांचे मैलापाणी, साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी, वस्त्रोद्योगातील प्रक्रिया गृहांचे रंगीत रासायनिक पाणी आणि उसाच्या शेतांतून झिरपणारी खते व कीटकनाशके. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात पंचगंगेचे नाव आले, यात आश्चर्य नाही.

उपाय झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कसबा बावडा येथे प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले, दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटरचे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने लक्ष घातले, तज्ज्ञ संस्थांनी पाहणी केली. तरीही वीज खंडित झाली, उपसा पंप बंद पडला किंवा जोराचा पाऊस आला की जयंती नाला बंधाऱ्यावरून ओसंडून थेट नदीत जातो, ही बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आजही नवी वाटत नाही.

नदीच्या खालच्या अंगाला या सगळ्याचा परिणाम कसा होतो, हे समजण्यासाठी बंधाऱ्यांची रीत ध्यानात घ्यावी लागेल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून पुराला वाट मोकळी करतात. शेतीला पाणी देणारी ही साधी, स्वस्त आणि शहाणी रचना आहे. परंतु नदीत सांडपाणी सोडले की हाच बंधारा त्या घाणीचे साठवण-कुंड बनतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो. आणि वरचे बरगे काढले की ते काळे पाणी एकदम खालच्या गावावर जाते. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत.

माशांवर निभावले असतेच असेही नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. तो हेपटायटिस-ई या विषाणूचा प्रादुर्भाव होता. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने हा रोग पसरतो आणि गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. तो कसा पसरतो आणि कसा टाळता येतो, हे वैद्यकशास्त्राला त्या साथीच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. पाणी उकळून पिण्याइतके इंधन, शुद्धीकरण यंत्र घेण्याइतका पैसा आणि विकतच्या पाण्याची बाटली ज्यांना परवडते ते अशा साथीत बहुधा वाचतात. यंत्रमागावर पाळी करून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या घरी मात्र जे नळाला येते तेच प्यावे लागते. प्रदूषण सर्वांचे असते. त्याची किंमत सर्वजण सारखी मोजत नाहीत.

वर सरकत जाणारी तहान

येथून पुढची कहाणी अधिक बोलकी आहे. पंचगंगेचे पाणी भरवशाचे राहिले नाही म्हणून इचलकरंजीने कृष्णेवरून पाणी आणले. तेही अपुरे पडू लागले, तेव्हा वारणेवर दानोळी येथून पाणी उचलण्याची योजना पुढे आली. वारणाकाठच्या गावांनी तिला कडाडून विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूड येथून पाणी आणण्याची योजना मंजूर झाली. आता कागल परिसरातील शेतकरी रस्त्यावर आले. इचलकरंजीत पाण्यासाठी आंदोलन आणि दूधगंगेच्या काठी पाणी न देण्यासाठी आंदोलन, असे चित्र जिल्ह्याने पाहिले. कोल्हापूर शहरानेही काळम्मावाडीकडे धाव घेतली ती त्याच दूधगंगेवर.

यातील प्रत्येक पक्षाचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले तर ते रास्तच वाटते. वस्त्रनगरीतील लक्षावधी लोकांना स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, हे कोण नाकारील? आणि आपल्या तोंडचे पाणी उद्या शहराकडे वळेल ही शेतकऱ्याची भीती निराधार कशी म्हणावी? परंतु सर्व बाजू एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. आपण नदी खराब करतो आणि मग दुसऱ्या, अजून खराब न झालेल्या नदीकडे जातो. तंत्रज्ञान आपल्याला प्रत्येक वेळी थोडे अधिक दूर, थोडे अधिक उंचावर पोहोचवते. ज्याच्याकडे नळवाहिनी टाकण्याचे सामर्थ्य आहे तो वर सरकतो. ज्याच्याकडे नाही तो खालीच राहतो आणि वरच्याने सोडलेले पितो. योजना जितकी कार्यक्षम, तितकी मूळ नदी स्वच्छ करण्याची निकड कमी होते. ज्या नगरसेवकाच्या प्रभागात स्वच्छ पाणी आले, त्याला जयंती नाल्याबद्दल आता कोण जाब विचारणार?

आणि ही साखळी जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. नृसिंहवाडीच्या पुढे कृष्णा राजापूर बंधाऱ्यावरून कर्नाटकात प्रवेश करते. अलमट्टी धरणाची उंची वाढवण्यास महाराष्ट्र विरोध करतो, कारण खालच्या राज्याच्या निर्णयाने आपल्या गावांत पाणी घुसेल अशी आपल्याला भीती वाटते. शेजाऱ्याने आपला विचार करावा ही आपली अपेक्षा न्याय्य आहे. परंतु कर्नाटकातील कृष्णाकाठचा गावकरी आपल्याकडून येणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून हीच अपेक्षा व्यक्त करू लागला, तर आपले उत्तर काय असेल?

विज्ञान कोठे थांबते

पाण्यात प्राणवायू किती, जंतू किती, कोणते रसायन कोणत्या मर्यादेबाहेर, प्रक्रियेला खर्च किती येईल, हे सारे विज्ञान सांगू शकते. तो खर्च कोणी सोसावा, कोणाचे आरोग्य पणाला लावणे समर्थनीय आहे, आज वाचवलेल्या पैशाची किंमत उद्याच्या पिढीने द्यावी काय, हे मात्र कोणतेही मापनयंत्र सांगत नाही. १९८७ साली ब्रुन्टलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी कल्पना जगापुढे मांडली, तिचा गाभा हाच होता की आजच्या गरजा भागवताना येणाऱ्या पिढ्यांचा वाटा हिरावला जाऊ नये. येणारी पिढी म्हणजे काळाच्या प्रवाहात आपल्या खालच्या अंगाला राहणारा शेजारीच होय. तेरवाडच्या माणसाला निदान मोर्चा काढता येतो. अजून न जन्मलेल्या मुलाला तेही शक्य नाही.

युनेस्कोने १९९८ साली विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेसाठी स्वतंत्र जागतिक आयोग स्थापन केला. भारतात त्याआधीच, १९९६ साली, तमिळनाडूतील चर्मोद्योगांनी पालार नदीच्या केलेल्या दुर्दशेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग मानली: हानीची पूर्ण खात्री पटेपर्यंत न थांबता आधीच सावधगिरी बाळगावी, आणि जो प्रदूषण करतो त्याने त्याची भरपाई करावी. तत्त्वे उत्तम आहेत. परंतु दंड हा जर प्रक्रिया केंद्र चालवण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडत असेल, तर तो दंड राहत नाही. ते प्रदूषणाचे भाडे ठरते. महापालिका आणि नगरपालिका याच प्रदूषक असतील तेव्हा दंडाची रक्कमही अखेर नागरिकांच्या करातूनच जाते आणि निर्णय घेणाऱ्यावर त्याची झळ पोहोचत नाही.

आपल्या राज्यघटनेचे या बाबतीतील शहाणपण मात्र विशेष मननीय आहे. १९७६ साली अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यात अरण्ये, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. आणि त्याला लागूनच पुढचे कर्तव्य आहे वैज्ञानिक दृष्टी आणि मानवतावाद यांच्या विकासाचे. वैज्ञानिक दृष्टीविषयी महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले, आणि ते आवश्यकही होते. परंतु तिच्या शेजारी घटनेने बसवलेली दया आणि मानवता आपण वेगळ्या खोलीत नेऊन ठेवली.

विज्ञानातील पहिली नीती म्हणजे आकड्यांशी प्रामाणिकपणा. पाण्याचा नमुना कोठून घेतला, कोणत्या दिवशी घेतला, बरगे घातलेले असताना की काढल्यावर, यावर निष्कर्ष बदलतो. तो निष्कर्ष ज्या गावाचे पाणी तपासले त्या गावाला समजेल अशा भाषेत, वेळेवर सांगणे हे दुसरे कर्तव्य. मासे मेल्यावर पाण्याचे नमुने गोळा होतात. त्यांचा अहवाल चावडीवर लागत नाही. ज्ञान आहे, परंतु ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही, ही अवस्था अज्ञानापेक्षा अधिक गंभीर मानली पाहिजे.

एक सह्याद्री, दोन अहवाल

पंचगंगेच्या उपनद्या जेथे उगम पावतात त्या सह्याद्रीबाबत नेमके हेच घडले. केंद्र सरकारने २०१० साली डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०११ साली अहवाल दिला. परंतु तो काही महिने जनतेपासून दूर ठेवण्यात आला आणि माहितीच्या अधिकाराखालील लढ्यानंतर, न्यायालयाची पायरी चढून, २०१२ साली तो प्रकाशात आला. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रांची प्रतवारी करताना अंतिम निर्णयात ग्रामसभांना स्थान असावे, असा गाडगीळांचा आग्रह होता. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली दुसरा अहवाल दिला आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवावे असे सुचवले. २०१४ पासून केंद्राने अधिसूचनेचे मसुदे काढले. सहावा मसुदा २०२४ च्या जुलैअखेरीस, वायनाडमधील भीषण भूस्खलनाच्या दुसऱ्याच दिवशी, प्रसिद्ध झाला.

दोन्ही समित्यांत नामवंत शास्त्रज्ञ होते, डोंगर तोच होता. उत्तरे वेगळी आली, कारण मुळात प्रश्न वेगळे विचारले गेले. येथे मनुष्यवस्तीचे स्थान काय, निर्णय दिल्लीत व्हावा की गावात, किती जोखीम पत्करायची, हे सारे मूल्यांचे प्रश्न आहेत. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मनात 'संवेदनशील क्षेत्र' या शब्दांनी भीती उत्पन्न केली. आपल्याला घर दुरुस्त करता येणार नाही, जनावरे चारता येणार नाहीत, असे त्यांना वाटले. त्यांच्यापर्यंत अहवाल पोहोचण्याआधी अफवा पोहोचली होती. गरिबाला विश्वासात न घेता आखलेले निसर्गरक्षण आणि गरिबाला विश्वासात न घेता आखलेला विकास यांत तत्त्वतः फारसा भेद नाही.

पूररेषांचेही तसेच. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा हे जलशास्त्राचे गणित आहे. परंतु कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ अशा सोळा वर्षांत तीन महापूर आले. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट असताना शेवटच्या दोन पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरमैदानातील अडथळे आणि बांधकामे यांकडे लक्ष वेधले. नदीने पसरण्यासाठी राखलेल्या जागेवर भराव टाकून कोणी इमारत उभी करतो, तेव्हा ते पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या घरात शिरते. नकाशावरील रेषा सरकवणे सोपे आहे. पाणी नकाशा वाचत नाही.

जेथे दोन्ही एकत्र आले

या चित्रात आशेच्या जागा नाहीत असे नाही, आणि त्या आपल्याच मातीत आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले तेव्हा दुष्काळात रयतेला पाणी मिळावे हा हेतू स्पष्ट होता. आधुनिक तंत्र स्वीकारताना ते कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी दृष्टीआड होऊ दिला नाही.

शिरोळ तालुक्यात उसाला अतिरिक्त पाणी दिल्याने हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. तेथील दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून क्षारांचा निचरा करण्याचे काम उभे राहिले आणि पडीक रानांत पुन्हा पीक दिसू लागले. या तंत्राचे वैशिष्ट्य असे की ते एकट्या शेतकऱ्याला साधत नाही. निचऱ्याची मुख्य नळी शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावी लागते. शेजाऱ्याची संमती हा त्या तंत्राचा एक आवश्यक सुटा भाग आहे. अर्थात, निचरा झालेले खारे पाणी पुढे कोठे जाते, याचाही विचार याच सहकार्याने करावा लागेल.

गणेशविसर्जनाचे उदाहरण तर सर्वांसमोर आहे. मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची हाक प्रथम दिली गेली तेव्हा भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. परंतु कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे घाटावर उभे राहून, वाद न घालता, हात जोडून समजावले. आज कोल्हापुरात मूर्ती मोठ्या संख्येने इराणी खणीत आणि कुंडांत विसर्जित होतात. विज्ञानाचा संदेश श्रद्धेचा अवमान न करता पोहोचला की तो टिकतो.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई चळवळीत पाणी आणि हिरवाई यांसाठी सर्वधर्मीय भूमिपुत्रांना एकत्र आणले, हेही आपण विसरू नये. रसायनशास्त्राचे तंत्रशिक्षण घेतलेल्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सर्व मानवजातीला उद्देशून हेच प्रतिपादन केले की पृथ्वीचे दुःख आणि गरिबाचे दुःख वेगळे करता येत नाही. हे समजण्यास विशिष्ट धर्माचे असण्याची आवश्यकता नाही. तहानलेल्याला पाणी द्यावे, हे आपल्या सर्वच परंपरांनी पुण्य मानले आहे. त्याला घाण पाणी देऊ नये, एवढे त्यात गृहीतच आहे.

पुढे काय करावे?

कारखाने बंद करा, ऊस उपटून टाका, असे सांगणे सोपे आणि निर्दय आहे. यंत्रमागावर, रंगाईवर, गाळपावर लाखो घरांच्या चुली पेटतात. प्रदूषण थांबवण्याचा भार त्यांच्यावरच टाकणे म्हणजे रोग्यालाच शिक्षा करण्यासारखे होईल. म्हणूनच जे करायचे ते न्यायाने करावे लागेल, आणि काही गोष्टी आजही शक्य आहेत.

पंचगंगेवरील प्रत्येक बंधाऱ्यापाशी पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष दरमहा, मराठीत, फलकावर लागावेत. या पाण्यात जनावर धुवावे काय, भाजीला ते द्यावे काय, हे शेतकऱ्याला तेथेच वाचता यावे. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या पाणी व सांडपाणी योजनांवर देखरेख करणाऱ्या समित्यांत खालच्या अंगाच्या गावांचे प्रतिनिधी असावेत. ज्याला पाणी प्यायचे आहे त्याला सोडणाऱ्याच्या सभेत बसण्याचा अधिकार हवा. नवीन पाणीयोजनेला मंजुरी देताना, त्या पाण्याचे सांडपाणी झाल्यावर ते कोठे आणि कसे शुद्ध होईल याचा आराखडा आणि निधी त्याच कागदावर असावा. आणलेले प्रत्येक लिटर पाणी अखेर नाल्यातच जाते, हे गणित योजना आखताना विसरले जाते.

शिवाजी पेठेत न्यू कॉलेजसारखे महाविद्यालय आहे, शहरात १९६२ पासूनचे शिवाजी विद्यापीठ आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत शिकलेली पाण्याची तपासणी रंकाळ्यावर, दुधाळी नाल्यावर आणि पुढे तेरवाडला जाऊन करावी. आकडे घेऊन यावे आणि त्याबरोबर तेथील माणसाचे म्हणणेही ऐकून यावे. पदवी घेऊन उद्या तो एखाद्या प्रक्रिया गृहाचा रसायनतज्ज्ञ किंवा प्रदूषण मंडळाचा अधिकारी होईल. रात्रीच्या पाळीत झडप उघडण्याचा आदेश येईल, तेव्हा त्याला नियमाचे कलम आठवेल की नाही हे सांगता येत नाही. पाहिलेला चेहरा आठवण्याची शक्यता अधिक आहे. आणि पेठेतील तालीम मंडळे, ज्यांनी पुराच्या काळात कंबरभर पाण्यातून माणसे बाहेर काढली, त्यांनी पूर ओसरल्यानंतरच्या अकरा महिन्यांतही नाल्याकडे लक्ष द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वाचकहो, शहरात राहणारे आपण बहुतेक जण कोणाच्या तरी वरच्या अंगालाच राहतो. आपल्या मोरीतून निघालेले पाणी उद्या कोणाच्या तरी घागरीत पडणार आहे. त्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक नसेल, परंतु ते घर आहे. विज्ञान आपल्याला ते पाणी तेथे पोहोचण्याआधी शुद्ध करण्याचे साधन देते. ते वापरायचे की नाही, हा निर्णय मात्र आपल्याकडे राहतो. आणि येत्या पावसाळ्याआधी पंचगंगेवरील बरगे निघतील तेव्हा त्या निर्णयाचे फळ पुन्हा एकदा खालच्या गावांना दिसेल.